अर्वेतला बिननावाचा दगड

"हा पाद्री," सिक्स्टन म्हणाला आणि त्याने साखरेचा एक चौकोनी खडा मेणकापडावर ठेवला. "पाद्रीला उजवीकडून वळसा. मग हे दोघे भाऊ. यांच्या मधून कितीही मोकळं दिसलं तरी घुसायचं नाही. मग हा लंगडा एरिक. आणि इथे वर हा फिन्."

एरिक आणि फिन् यांच्यामध्ये त्याने वीतभर जागा मोकळी सोडली होती. व्हिओला त्या जागेकडे बघत होती. मीही बघत होते, किटली हातात तशीच धरून.

व्हिओला आमच्या स्वयंपाकघरात तीन वर्षांनी आली होती. तिचं घर रस्त्यापलीकडेच आहे. तिच्या ओट्यापाशी उभं राहिलं की आमचा दिवा दिसतो. तरी तीन वर्षांत तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आम्ही तिचा. त्या सकाळी येऊन तिने दार वाजवलं. आमच्या गावात दार वाजवतात ते पोलीस, नाहीतर धर्माची पुस्तकं वाटत फिरणारे. बाकीचे सरळ आत येतात. मी उघडलं तर ही कोट-टोपी घालून पायरीवर उभी.

"सिक्स्टन आहे का?" तिने विचारलं. घरातच असतो तो, जाणार कुठे.

आत येऊन ती कोट न काढता बसली आणि माझ्या भावाला म्हणाली, "ऑगस्टात मला अर्वेवर मासे धरायला जायचंय. तू नेशील."

सिक्स्टनने श्वास आत ओढला. आमच्याकडे हो म्हणायला तेवढं पुरतं. मग तो उठला, फडताळातून साखरेचा डबा काढला आणि मेणकापडाच्या निळ्या पट्ट्यावर अर्वे नदी मांडायला बसला, एक खडा म्हणजे एक दगड.

बाहेर मार्च महिना होता, बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकला होता आणि नदीवरून अजून ट्रॅक्टर जात होते. अशा दिवसांत ऑगस्टचे बेत करण्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. आमची मासेमारी हिवाळ्यात टेबलावरच होते, उन्हाळ्यात नुसतं जाऊन मासे घेऊन यायचे. सिक्स्टन आणि आल्गोत, म्हणजे व्हिओलाचा नवरा, जन्मभर याच टेबलाशी बसून भांडले. किती इंधन, गळाला कुठली पिसांची माशी, डुकराचं खारवलेलं मांस जास्त की बटाटे जास्त. मी शाळेत स्वयंपाकीण होते, शंभर पोरांचा गोंगाट सहन केला, पण या दोघांनी मला जेवढं पिडलं तेवढं शंभर पोरांनी नाही.

"कॉफी ओत की, आस्ता," व्हिओला म्हणाली. "उभी काय राहिलीस?"

मी ओतली. तिने एक खडा डब्यातून उचलला. मला वाटलं, दातांत धरून कॉफी पिणार. तिने तो एरिक आणि फिन् यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला, पट्ट्याच्या बरोबर मधोमध.

"इथे," ती म्हणाली. "मला याच्यावर बसून गळ टाकायचाय."

सिक्स्टनने खड्याकडे पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतले.

आता त्या दगडाचं सांगायला हवं. अर्वेतल्या दगडांना नावं आहेत ती त्यांनी नेलेल्या माणसांची. पाद्री खरंच पाद्री होता, दोघे भाऊ खरंच भाऊ होते. फिन् कोण ते कुणाला कधी कळलं नाही. ओंडके वाहून न्यायच्या दिवसांत फिनलंडकडून आलेला कुणी मजूर, एवढंच. अर्वेवर बोट चालवताना मागे इंजिनाशी बसलेल्याला जवळचा दगड दिसत नाही. पुढच्या टोकाला बसलेला माणूस दगडांची नावं पुकारतो आणि मागचा वळतो. मेलेली माणसं अशी जिवंतांच्या कामी येतात. पण नाव ठेवायचा हक्क मात्र गावाचा नाही. मेलेल्याच्या घरचं माणूस दगडापाशी जातं आणि नाव उच्चारतं. तोवर बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. दोघा भावांच्या आईला म्हणे सात वर्षं लागली. सात वर्षं लोक तिथे नुसता हात वर करून इशारा करत होते.

ज्याने कुणाचा जीव घेतलेला नाही अशा दगडाला नावच नसतं. एरिकच्या वरचा मोठा दगड असाच होता. लहानपणी सिक्स्टन आणि आल्गोत त्याच्यावर बसून गळ टाकायचे, आणि मला खाली गांडुळं खणायला लावायचे. मग ओंडक्यांना वाट हवी म्हणून नदी साफ करायची ठरली. आमचा बाप त्या टोळीत होता. काही दगड सुरुंगाने फोडले, काही साखळदंडाने ओढून काठावर टाकले. मोठा दगड काठावर गेला आणि बर्चच्या झाडांत पन्नास वर्षं पडून राहिला. पुढे ओंडके ट्रकने जाऊ लागले. नदी गटारासारखी सरळ झाली होती, तिच्यात मासा टिकेना.

माझा भाऊ जन्मभर पोकलेन चालवायचा. जंगलातले रस्ते, पाण्याची पाइपलाइन, हिवाळ्यात बर्फ काढणं. बोलायचा कमी, पण त्या यंत्राच्या हाताने तो अंडं उचलेल असं लोक म्हणायचे. निवृत्तीच्या तोंडावर त्याला एकच काम मनासारखं मिळालं. ट्राउट मासे परत यावेत म्हणून काठावरचे दगड पुन्हा नदीत ठेवायचं सरकारने ठरवलं. बापाने काढलेले दगड मुलाने परत ठेवले. दोन उन्हाळे तो गुणगुणत घरी यायचा.

काम लंगड्या एरिकपर्यंतच होतं. गावाला तसं कळवलेलंही होतं. शेवटच्या दिवशी कामावर देखरेख करणारी तरुण बाई म्हणाली, तुझ्या मनात आणखी एखादा असेल तर ठेव, तुझ्याइतकी ही नदी कुणाला माहीत आहे. सिक्स्टनच्या मनात होताच. त्याने तो मोठा दगड बर्चमधून काढला आणि त्याच्या जुन्या जागी ठेवला. घरी येऊन मला सांगितलं आणि वर म्हणाला, "आल्गोतला बोलू नकोस. शनिवारी आम्ही जातोय. इंजिन बंद करून त्याच्यासमोर बोट उभी करणार. बघू दे त्याला." त्या संध्याकाळी आल्गोत आला आणि दोघांनी शनिवारची नदी साखरेच्या खड्यांत मांडली, तेव्हा एरिक आणि फिन् यांच्यामधली जागा सिक्स्टनने मुद्दाम मोकळी सोडली. माझ्याकडे बघून डोळाही मिचकावला.

आल्गोतला धीर कधीच नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या मासेमारीच्या खोपटात लाकडं नेऊन टाकावीत म्हणून तो गुरुवारीच एकटा निघाला. डोंगराकडे पाऊस झाला होता, पाणी चढलं होतं, दगड बुडाले होते. लाकडांनी बोट खोल बसली होती. एरिकच्या वर पन्नास वर्षं मोकळं पाणी होतं, तिथे तो नेहमी इंजिन पूर्ण वेगात सोडायचा. तसंच त्याने सोडलं. मूस हरणांच्या शिकारीला गेलेल्या माणसांना तो खालच्या वळणावर सापडला.

कुणी सिक्स्टनला दोष दिला नाही. पोलिसांनी दोन प्रश्न विचारले आणि कॉफी पिऊन गेले. गाव गप्प राहिलं, आणि आमच्या गावाला गप्प राहणं फार चांगलं जमतं. सिक्स्टनने पोकलेन विकलं. बोट उलटी करून ठेवली ती तशीच राहिली. जेवायचा उभ्याने, मी मागे लागले तर. खिडकीशी बसायचा पण नदीकडे पाठ करून. त्याला हाक मारली तर तिसऱ्या हाकेला मान वळायची. माझा नवरा आजाराने गेला तेव्हा मी या भावाच्या घरी राहायला आले, सोबत होईल म्हणून. सोबत संपली होती, भाऊ तेवढा घरात होता.

आणि आता व्हिओलाला त्या दगडावर बसायचं होतं.

"मी ऑक्टोबरात जाणार," तिने त्या सकाळी उठता उठता सांगितलं. "खाली किनाऱ्याला, मुलाकडे. घर बंद करतेय. त्याच्या आधी हे उरकायचं." मग खिडकीतून रस्त्यापलीकडे बघत म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येते. माशी कुठली ते ठरवू."

ती दर आठवड्याला येऊ लागली. दार वाजवायचं तिने सोडलं. पहिल्या खेपेला सिक्स्टन चार शब्द बोलला, दुसऱ्या खेपेला दहा. एप्रिलात एकदा मी गोठ्यातून आत आले तर दोघं चक्क भांडत होती.

"काळी माशी," सिक्स्टन म्हणत होता. "ऑगस्टात काळी."

"आल्गोत तपकिरी लावायचा."

"म्हणून तर त्याला कधी काही मिळायचं नाही."

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. व्हिओला कपात बघत राहिली, आणि मग तिच्या नाकातून हसू फुटलं. "नाहीच मिळायचं," ती म्हणाली. "तुझेच मासे आणून मला दाखवायचा, मी धरले म्हणून. मला काय कळत नव्हतं?"

त्या दिवशी सिक्स्टनने दाढी केली. रात्री बसून जेवला. मी ताटं धुताना रडले, आणि मग मला भीती वाटायला लागली. जो माणूस मेल्यासारखा बसतो त्याला कुणी मारू शकत नाही. हा हळूहळू जागा होत होता, आणि ऑगस्टात त्या दगडापाशी व्हिओला काय म्हणणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

भीती उगाच नव्हती. मे महिन्यात बर्फ फुटला, नदी गडगडत वाहू लागली आणि सिक्स्टनने बोट सरळ केली. दुसऱ्या दिवशी मी रूनेच्या दुकानात बोटीला लावायचं डांबर आणायला गेले. रूने म्हणजे आमच्या गावचं वर्तमानपत्र, तो दूध आणि खिळेही विकतो.

"बोट काढली म्हणे त्याने?" रूने म्हणाला.

"त्याची बोट आहे."

"तसं नाही गं. बरंच झालं. कुठवर जाणार? सिक्स्टनच्या दगडापर्यंत, का पुढे?"

मी डांबराचा डबा खाली ठेवला. "कुणाच्या दगडापर्यंत?"

"आता बघ," तो म्हणाला, आणि नजर चुकवून काउंटर पुसू लागला. "मी वाईट अर्थाने म्हणत नाही. ज्याने ठेवला त्याचं नाव. पोरंसुद्धा तेच म्हणतात."

"त्या दगडाला नाव नाही, रूने. ज्याला नाही त्याला नाही."

"व्हिओला ऑक्टोबरात चालली. ती न बोलता गेली तर मग काहीतरी म्हणावंच लागेल ना लोकांना? बोटी तर जाणारच."

त्याला काय सुनवावं ते मला घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं. पण त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर अंगाची आग झाली. व्हिओलाने आल्गोतचं नाव उच्चारलं तर गाव तेच म्हणेल आणि रूनेलाही म्हणावं लागेल. ती गप्प गेली तर माझ्या भावाचं नाव चिकटेल. आम्ही सगळे मेल्यावरही पोरं बोटीच्या टोकावरून ते ओरडत राहतील, आणि कुणी विचारलं तर सांगतील, त्याने एका माणसाला मारलं होतं.

मी भाजलेला पाव घेऊन व्हिओलाकडे गेले. तिच्या पडवीत खोकी होती. आल्गोतचे रबरी बूट भिंतीशी उभे होते, टाचा भिंतीला लावून.

"तिथे गेल्यावर तू नाव सांगणार ना?" मी विचारलं. आडवळणाने बोलणं मला जमत नाही.

"कॉफी घेणार?"

"व्हिओला, आल्गोतचं नाव सांग. एवढंच मागते. रूने आत्तापासूनच माझ्या भावाचं नाव घेतोय."

"मला माहीत आहे काय म्हणतात ते. मीही त्याच दुकानात जाते." तिने पाव हातात घेतला, वास घेतला आणि खोक्यावर ठेवला. "तू तुझ्या भावासाठी आलीस, आस्ता. माझ्या नवऱ्यासाठी तीन वर्षांत एकदा तरी आलीस का?"

अंत्यविधीला आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि नंतरच्या कॉफीला न थांबता घरी आलो. कुठल्या तोंडाने थांबायचं, असं आम्हाला वाटलं. तिच्या बाजूने ते कसं दिसलं असेल याचा मी विचारच केला नव्हता. त्या दिवशी मी केला आणि मान खाली घालून रस्ता ओलांडला.

ऑगस्ट आला. बेत खड्यांत मांडला होता तसाच ठरला. सिक्स्टन मागे इंजिनाशी, व्हिओला पुढच्या टोकाला, मी मध्ये किटली, चीज आणि बटाट्यांच्या पोत्याबरोबर. "आस्ता आली नाही तर मी जाणार नाही," व्हिओलाने बजावलं होतं. का ते मला कळलं नव्हतं. तिने आल्गोतची गळाची काठी आणली होती, आणि त्याचे बूट घातले होते, आत दोन जोड मोजे चढवून.

पाणी कमी होतं, दगड उघडे पडले होते. गावाशेजारची मोठी नदी सोडून आम्ही तिला मिळणाऱ्या अर्वेत शिरलो.

"पाद्री," व्हिओला ओरडली.

सिक्स्टनने उजवीकडून काढली. दोघे भाऊ गेले. लंगडा एरिक गेला. त्याच्या वर आल्यावर व्हिओलाने नुसता हात वर केला, जसा तीन वर्षं सगळे करत होते. सिक्स्टनने इंजिन बंद केलं.

तो तिथेच होता. बैठकीएवढा रुंद, माथा कोरडा. पन्नास वर्षं झाडांत पडून आलेलं दगडफूल माथ्यावर तसंच होतं, पाण्याच्या रेषेखाली मात्र मरून पांढरं पडलं होतं. आणि खालच्या अंगाला एक हिरवा ओरखडा होता, तळहाताएवढा लांब. आल्गोतची बोट हिरवी होती.

सिक्स्टन पाण्यात उतरला. मांडीपर्यंत पाणी, वर नदीची ओढ. त्याने बोट दगडाला लावून धरली आणि व्हिओलाला वर चढायला हात दिला. तिने हात घेतला. ती बसली, पाय खाली सोडले. वाकून तिने तो हिरवा ओरखडा अंगठ्याने चोळला, कपड्यावरचा डाग चोळावा तसा. मग माशी पाण्यावर टाकली. तपकिरी.

सिक्स्टन दोर धरून पाण्यात उभा होता. बोटीत ये म्हटलं तर आला नाही.

"शनिवारी तू त्याला इथे आणणार होतास," व्हिओला पाण्याकडे बघत म्हणाली. "मग काय करणार होतास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"इंजिन बंद करणार होतो. त्याने बघितलं असतं."

"आणि तो काय म्हणाला असता?"

सिक्स्टनने विचार केला. खरंच केला. मला त्याच्या जबड्याची हालचाल दिसत होती. "म्हणाला असता, उलटा ठेवलास," तो म्हणाला. "सपाट बाजू वर हवी, गाढवा, बसायचं कुठे."

व्हिओला हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. "असंच म्हणाला असता. शब्दन् शब्द. आणि आयुष्यभर सगळ्यांना सांगत फिरला असता."

"बाजू बरोबर आहे," सिक्स्टन म्हणाला. "मी बघून ठेवला."

"बरोबरच आहे. मी बसलेय ना."

तेवढ्यात काठी वाकली. मोठा ट्राउट होता, दगडामागच्या शांत पाण्यातून आलेला. तिने घाई केली नाही. थकवून थकवून जवळ आणला, सिक्स्टनने पाण्यातून उचलून तिच्या मांडीवर दिला. तिने चाकूच्या मुठीने डोक्यात एकच घाव घातला आणि मासा दगडफुलावर ठेवला. मग हात पाण्यात धुतले, आल्गोतच्या बुटांना पुसले आणि म्हणाली, "आस्ता, तूही ऐक. तुला म्हणूनच आणलंय. गावाला तू सांगायचंस, मी इथे नसेन."

मी किटली खाली ठेवली.

"दगड ज्याला नेतो त्याचं नाव," ती म्हणाली. "आल्गोतला नदीने नेलं आणि परत दिलं. तो माझ्याजवळ आहे, चर्चच्या आवारात, त्याच्या नावाच्या दगडाखाली. मी त्याच्याशी जाऊन बोलते, भांडते, फुलं ठेवते. माझं उरकलंय ते." ती सिक्स्टनकडे वळली. "पण रोज संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून मला तुमची खिडकी दिसते. पाठमोरा बसलेला असतोस. तीन वर्षं बघतेय मी. त्या गुरुवारी इथे दोघं गेले सिक्स्टन, आणि एकच सापडला. हा तुझा दगड."

मला इतका संताप आला की तिला ढकलून द्यावंसं वाटलं. याचसाठी साखरेचे खडे, याचसाठी दर आठवड्याची कॉफी, याचसाठी त्याला दाढी करायला लावली. मी उठलेच होते. बोट हलली आणि मला बसावं लागलं, तेव्हा मी भावाकडे बघितलं.

तो रडत होता. आवाज नव्हता, तोंड पुसतही नव्हता, कारण दोन्ही हातांत दोर होता. तीन वर्षांत कुणीही त्याला असं काही म्हटलं नव्हतं. पोलिसांनी नाही, चर्चमधल्या पाद्रीने नाही, मी नाही. मी तर रोज म्हणत होते, तुझी काही चूक नाही, जेव आता. रूने त्याच्या पाठीमागे जे म्हणत होता तेच नाव ही तोंडावर म्हणाली होती. पण रूनेच्या तोंडी तो आरोप होता, आणि ही मात्र एका बुडालेल्या माणसाची नोंद घेत होती.

सिक्स्टनने श्वास आत ओढला.

"बरं," व्हिओला म्हणाली. "आता मला उतरव. पाय गारठलेत."

तिथून आम्ही खोपटात गेलो. लाकडं नव्हती, आल्गोतची लाकडं पोहोचलीच नव्हती. सिक्स्टनने वाळलेला पाइन फोडून चूल पेटवली, मी मासा तळला, आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकले. तिघांनी एकाच तव्यातून खाल्लं. सिक्स्टन बसून जेवला. व्हिओलाशी मी धड बोलले नाही, आणि तिनेही माझ्याकडून तशी अपेक्षा धरली नाही. झोपताना तिने बूट काढून चुलीपाशी वाळत ठेवले, टाचा भिंतीला लावून.

त्या एका माशाने आणि एका रात्रीने माझा भाऊ परत आला, असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही तो खिडकीशी बसायचा. पण आता कधी कधी नदीकडे तोंड करून.

सकाळी आम्ही निघालो. हवेत थंडी होती, पाण्यावर वाफ होती आणि प्रवाहाबरोबर जात असल्याने बोट वेगात होती. व्हिओला पुढच्या टोकाला गुडघ्यांवर बसली होती, एक हात कडेला धरून. वाफेमुळे सिक्स्टनला काहीच दिसत नव्हतं. तो तिच्या आवाजावर चालला होता.

"फिन्," ती ओरडली. बोट डावीकडे वळली.

मी दोन्ही हातांनी किटली धरली. पुढे वाफेत काहीतरी काळं दिसायला लागलं.

"सिक्स्टन," व्हिओला ओरडली. वेळेवर, आणि फिन्ला ओरडली होती त्याच आवाजात.

भावाने इंजिनाची मूठ दाबली. दगड आमच्या उजव्या हाताला हळूच येऊन मागे गेला. त्याच्या माथ्यावर, मासा ठेवला होता तिथे, अजून ओलं होतं.

"लंगडा एरिक," व्हिओला ओरडली.